ॲरेमधले डुप्लिकेट कसे काढायचे? कांदा बाजाराच्या उदाहरणातून समजून घ्या ‘सेट’

शॉपिंग ॲपमध्ये फिल्टर उघडला की प्रत्येक ब्रँडचं नाव एकदाच दिसतं. वस्तू हजारो असतात, मग नावं रिपीट का होत नाहीत? कारण मागे कुठेतरी ऑब्जेक्टच्या ॲरेमधून युनिक व्हॅल्यू काढलेल्या असतात. हे काम जावास्क्रिप्टमध्ये कसं होतं ते आज बघूया. मी नाशिकचा, त्यामुळे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेतो.

समजा, कांद्याच्या भावाचं ॲप बनवायचंय आणि आपल्याकडे ही यादी आहे:

• बाजार: लासलगाव, तालुका: निफाड
• बाजार: पिंपळगाव बसवंत, तालुका: निफाड
• बाजार: उमराणे, तालुका: देवळा
• बाजार: सटाणा, तालुका: बागलाण
• बाजार: नामपूर, तालुका: बागलाण

यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक ऑब्जेक्ट आणि पूर्ण यादी म्हणजे ॲरे. ॲपमध्ये तालुक्यांचा ड्रॉपडाउन हवाय, पण निफाड आणि बागलाण एकदाच दिसले पाहिजेत.

थेट सेट का चालत नाही?

सेटमध्ये एक व्हॅल्यू एकदाच राहते. जावास्क्रिप्टमध्ये तो २०१५ च्या ‘ईएस ६’ आवृत्तीपासून आहे. पण पूर्ण ॲरे तसाच सेटमध्ये टाकला, तर पाचच्या पाच ऑब्जेक्ट तसेच राहतात. अगदी सगळी माहिती सारखी असलेले दोन वेगळे ऑब्जेक्ट टाकले, तरी दोन्ही राहतात. कारण इथे आतला मजकूर बघितला जात नाही, तो ऑब्जेक्ट मेमरीत तोच आहे का एवढंच बघितलं जातं. दोन प्लेटमधली मिसळ सारखीच असली, तरी प्लेट दोनच ना! पायथॉनमध्ये तर डिक्शनरी सेटमध्ये टाकायला गेलात की सरळ एरर येतो.

मग करायचं काय?

दोन स्टेप आहेत. आधी ‘मॅप’ फंक्शनने प्रत्येक ऑब्जेक्टमधून फक्त तालुका उचला. मग ती नावं सेटला द्या. (कोड इथे देवनागरीत लिहितोय, टाईप करताना इंग्रजीत करा.)

न्यू सेट(यादी.मॅप(नोंद => नोंद.तालुका))

उत्तर: निफाड, देवळा, बागलाण. जावास्क्रिप्टचा सेट क्रमही जपतो, जो आधी आला तो आधी. परत ॲरे हवा असेल तर ‘ॲरे.फ्रॉम’ वापरा. झालं काम!

आता खरी काळजी

कोड एका ओळीचा आहे, पण ‘एकच’ कशाला म्हणायचं हे सेटला कळत नाही. ते आपण ठरवायचं असतं. तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१. एकाच गोष्टीची दोन नावं: बागलाण तालुक्याचं मुख्यालय सटाणा, म्हणून बरेच जण त्याला सटाणा तालुकाच म्हणतात. डेटात दोन्ही नावं आली तर सेट दोन तालुके दाखवेल. नावाच्या शेवटी चुकून स्पेस राहिली तरी तेच. म्हणून आधी नावं एकसारखी करून घ्या.

२. दोन गोष्टींचं एकच नाव: निफाडमध्ये पिंपळगाव बसवंत आहे, नाशिक तालुक्यात पिंपळगाव बहुला. कुणी दोन्हीकडे नुसतं ‘पिंपळगाव’ भरलं असेल, तर सेट एक गाव गायब करेल आणि त्या गावच्या शेतकऱ्याला ॲपमध्ये आपलं गावच सापडणार नाही. अशा वेळी गाव आणि तालुका जोडून एक की बनवा. सरकारी गाव कोड उपलब्ध असेल तर सगळ्यात उत्तम.

३. मोजणीसाठी सेट नको: समजा तीन ट्रॉल्यांना प्रत्येकी क्विंटलला १५००, १५०० आणि १८०० रुपये भाव मिळाला. सरासरी १६००. पण आधी सेट केला तर १५०० एकदाच उरतो आणि सरासरी १६५० होते. भाव चढलेला दिसतो, पण प्रत्यक्षात चढलेलाच नसतो. तो आकडा बघून कुणी माल बाजारात नेला तर?

थोडक्यात, ‘काय काय आहे’ हे दाखवायचं असेल तर सेट वापरा. ‘किती आहे’ हे मोजायचं असेल तर मूळ ॲरेच ठेवा. आणि डुप्लिकेट काढण्याआधी स्वतःला विचारा: या दोन नोंदी खरंच एक आहेत, की फक्त सारख्या दिसतायत?