एकशे त्रेपन्न मासे आणि न फाटलेले जाळे

नागपूरहून राजनांदगावकडे जाणारा लोहमार्ग गोंदियावरून जातो. १८९३ साली याच मार्गावरच्या रेल्वेप्रवासात कवी नारायण वामन टिळक यांना एका युरोपियन सहप्रवाशाने नव्या कराराची प्रत दिली. त्यातील डोंगरावरच्या प्रवचनाने टिळकांच्या मनाची पकड घेतली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. प्रवचनातील उपदेश थेट हृदयाला भिडणारा आहे. परंतु त्याच ग्रंथात काही नोंदी इतक्या बारीक आहेत, की त्या कशासाठी केल्या असाव्यात, असा प्रश्न वाचकाला पडावा.

योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय हे त्याचे उत्तम उदाहरण. पुनरुत्थानानंतरचा हा प्रसंग आहे. शिष्य रात्रभर सरोवरात जाळी टाकतात, पण हाती काही लागत नाही. पहाटे काठावरून येशू त्यांना नावेच्या उजव्या बाजूला जाळे टाकावयास सांगतो. जाळे भरते. ते ओढून काठावर आणल्यावर लेखक सांगतो की, मोठे मासे १५३ होते आणि इतके असूनही जाळे फाटले नाही. काठावर कोळशांचा विस्तव पेटलेला होता.

१५३ हा आकडा भाष्यकारांना शतकानुशतके खुणावीत आला आहे. संत ऑगस्टीनने त्याची उकल गणिताने केली. एकपासून सतरापर्यंतच्या अंकांची बेरीज १५३ होते आणि सतरा म्हणजे दहा आज्ञा अधिक पवित्र आत्म्याची सात दाने. संत जेरोमने वेगळी वाट धरली. प्राणिशास्त्र लिहिणाऱ्यांच्या मते माशांच्या जाती १५३ आहेत, म्हणून या जाळ्यात सर्व प्रकारचे मानव आले, असे त्याचे म्हणणे. अडचण एवढीच की, त्याने ज्या ओप्पियनचा हवाला दिला, त्याच्या उपलब्ध ग्रंथात हा आकडा आढळत नाही. शिवाय साधा अर्थही आहेच. जेथे मासळीचे वाटे पडतात, तेथे मोजदाद आलीच.

जाळ्याची गोष्ट मात्र निराळी आहे. नवेगाव बांध, इटियाडोह आणि गावोगावचे मामा तलाव असलेल्या गोंदिया जिल्ह्यातील ढिवरांना तिचे मोल समजावून सांगावे लागणार नाही. जाळे फाटले, की हाती आलेले सारेच पाण्यात जाते. लूकच्या शुभवर्तमानात अशाच एका प्रसंगी जाळी फाटू लागल्याचे वर्णन आहे. येथे मात्र ते मुद्दाम नाकारले आहे. ‘फाटणे’ या अर्थाचे जे ग्रीक क्रियापद येथे वापरले आहे, त्याच धातूपासून झालेला शब्द योहान लोकांत पडलेल्या फुटीसाठी तीनदा वापरतो. वधस्तंभापाशी शिपाई येशूचा बिनशिवणीचा अंगरखा फाडावयाचे टाळतात, तेथेही तेच क्रियापद येते. तेव्हा न फाटलेले जाळे हे अनुयायांच्या अभंग ऐक्याचे प्रतीक आहे, या अर्थाला ग्रंथातच आधार मिळतो.

कोळशांच्या विस्तवाचेही तसेच. त्यासाठीचा ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात केवळ दोनदा आढळतो. पहिल्यांदा प्रमुख याजकाच्या वाड्यात. त्या विस्तवाजवळ शेकत उभा असताना पेत्राने येशूला ओळखत असल्याचे नाकारले होते. असे नाकारणे तीनदा घडले. दुसऱ्यांदा या सरोवराकाठी. येथे येशू त्याच पेत्राला ‘माझ्यावर प्रीती करतोस काय’, असे तीनदा विचारतो. अपराधाचे स्मरण आणि क्षमा यांच्यामध्ये एक शब्दही दोष न देता लेखकाने तो विस्तव ठेवला आहे.

भाषांतरकाराची जबाबदारी येथे कळते. एका ठिकाणी ‘शेकोटी’ आणि दुसरीकडे ‘चूल’ असे लिहिले, तर वाक्ये बिनचूक राहतील, पण धागा तुटेल. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले, त्या परिश्रमाचे मोल अशा जागी जाणवते. रमाबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२४ साली, ते प्रसिद्ध झाले.

अभंगाच्या एकेका शब्दावर कीर्तनकाराने केलेले निरूपण ऐकत वाढलेल्या मराठी श्रोत्याला ही रीत अनोळखी नाही. निरूपण केव्हा पटते आणि केव्हा ओढूनताणून केलेले वाटते, हेही त्याला ठाऊक असते. कोणत्याही आकड्याची फोड करून हवा तो अर्थ काढता येतो. तेथे ग्रंथ गप्प असतो आणि वाचकच बोलत असतो. विस्तव आणि जाळे यांच्या बाबतीत ग्रंथ स्वतःच आपल्या शब्दाकडे परत येतो. श्रद्धाळू असो वा केवळ जिज्ञासू, धर्मग्रंथ वाचणाऱ्या प्रत्येकाने हा फरक ओळखला पाहिजे. नाही तर ग्रंथाच्या नावावर आपलेच मत खपविले जाते.