तिहेरी उडी आणि हेन्री रेबेलो

लंगडी हा महाराष्ट्रातील मुलांचा जिव्हाळ्याचा खेळ. तिहेरी उडीचा आरंभ अशाच लंगडीने होतो. खेळाडू वेगाने धावत येतो, फळीवरून उड्डाण करतो आणि ज्या पायाने उडाला त्याच पायावर उतरतो. तेथून लांब ढांग टाकून दुसऱ्या पायावर, आणि अखेरीस झेप घेऊन वाळूत. पूर्वी या प्रकारास ‘हॉप, स्टेप अँड जंप’ म्हणत. पहिल्या टप्प्यात उड्डाण आणि आघात ही दोन्ही एकाच पायाला सोसावी लागतात, आणि शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्यावर येतो. मांडीच्या मागचे स्नायू ऊबदार व लवचीक असले, तरच हा ताण निभतो.

हेन्री रेबेलो यांच्या आयुष्यात नेमका याच ठिकाणी घात झाला. 1928 साली लखनौ येथे जन्मलेल्या या तरुणाने 1948 च्या पूर्वार्धात 50 फूट 2 इंच, म्हणजे 15.29 मीटर, उडी मारली. वय अवघे एकोणीस. लंडनच्या ऑलिंपिकला तो निघाला तेव्हा संभाव्य विजेत्यांत त्याची गणना होत होती.

3 ऑगस्ट 1948 रोजी वेंब्लीच्या मैदानावर गारठा होता. प्राथमिक फेरी पार करून रेबेलो अंतिम फेरीत आला होता. वरचे गरम कपडे उतरवून तो धावण्याच्या तयारीत उभा राहिला, तोच पंचाने त्यास थांबविले. मैदानावर पारितोषिक वितरणाचा समारंभ सुरू होणार होता. समारंभ आटोपला आणि लगेच उडीची खूण झाली. मधल्या काळात अंग गार पडलेले. तरी तो सर्व शक्तीनिशी धावला. फळीवर पाय पडताच मांडीचा स्नायू फाटला आणि तो वाळूत कोसळला. तेथून त्याला उचलूनच न्यावे लागले.

त्या दिवशी स्वीडनच्या आर्ने ओमानने 15.40 मीटर उडी मारून सुवर्णपदक मिळविले. तिसरा आलेला तुर्कस्तानचा रूही सारिआल्प 15.025 मीटरवर होता. रेबेलोची आधीची उडी सुवर्णपदकास पुरी पडली नसती, हे मान्य केले पाहिजे. पण तिसऱ्या क्रमांकाहून ती वीतभर अधिक होती. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक 1952 साली हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव यांनी आणले. हे खाशाबाही 1948 साली लंडनला गेले होते! मैदानी स्पर्धांतील पहिल्या पदकासाठी तर स्वतंत्र भारताला 2021 सालच्या नीरज चोप्रापर्यंत वाट पाहावी लागली.

समारंभ करणाऱ्यांचे काही चुकले असे नाही. पण अशा क्षणी ‘मला पुन्हा अंग गरम करू द्या’ असे पंचास सांगावयाचे, हे एकोणीस वर्षांच्या मुलाला कसे सुचावे? ते सांगणारा जाणता मार्गदर्शक जवळ असावा लागतो.

रेबेलो पुन्हा ऑलिंपिकमध्ये उतरले नाहीत. भारतीय हवाई दलात ते ग्रुप कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत चढले. दिल्लीत 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, त्यानंतर दोन वर्षांनी स्पोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडिया ही संस्था तेथे स्थापन झाली. तिचे संचालक म्हणून त्यांनी काम पाहिले. खेळाडूंना शास्त्रशुद्ध शिक्षण आणि जाणते प्रशिक्षक मिळवून देणे, हेच त्या संस्थेचे काम. दिल्लीलगतच्या गुडगाव येथे 27 ऑगस्ट 2013 रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ते निवर्तले.