दाढ काढावी कीं भरावी?

दाढ ठणकूं लागली म्हणजे प्रथम लवंग, मग लवंगेचें तेल, आणि दोनतीन रात्री जागून काढल्यावर दंतवैद्य, हा क्रम आपल्या घरांतून ठरलेलाच आहे. त्यांतही सुनेची दाढ सणवार आटोपेपर्यंत थांबूं शकते, असा एक विलक्षण समज! तोंवर ती भरण्याजोगी उरत नाहीं, काढावीच लागते.

आमच्या वाचकांपैकीं वडील मंडळींच्या दाढांत 'चांदी' असेल. ती निव्वळ चांदी नव्हे. तिच्यांत सुमारें निम्मा पारा असतो. ती टिकाऊ खरी, परंतु दांताला चिकटत नाहीं. म्हणून तिला बैठक मिळावी यासाठीं दांताचा निरोगी भागही कोरावा लागे. १९५५ सालीं अमेरिकेंतील मायकेल बुओनोकोर यांनीं दांताच्या कवचाला फॉस्फोरिक आम्ल लावून तें सूक्ष्म खडबडीत केलें, तेव्हां त्यावर राळ घट्ट बसूं लागली. पुढें रफाएल बोवेन यांनीं अधिक बळकट राळ सिद्ध केली, आणि दांताच्या रंगाचें भरण शक्य झालें. पाऱ्याच्या प्रदूषणास आळा घालणारा मिनामाता करार २०१३ सालीं झाला. युरोपीय संघानें तर, वैद्यकीय अपरिहार्यता सोडल्यास, १ जानेवारी २०२५ पासून 'चांदी' भरणें बंद केलें आहे.

परंतु या राळेला कोरडा दांत लागतो, ती कठीण करणारा निळा दिवा लागतो, आणि पैसाही लागतो. शहरांतील हंसरे चेहरे तिनें सुंदर केले, यांत आम्हांस विशेष कौतुक वाटत नाहीं. कौतुक वाटतें तें तिच्या साध्या भावंडाचें. १९७२ सालीं विल्सन व केंट या ब्रिटिश रसायनज्ञांनीं कांचेची पूड व आम्ल यांचें एक सिमेंट प्रसिद्ध केलें. तें दांताला आपण होऊन चिकटतें व हळूहळू फ्लोराइड सोडतें. रंग राळेइतका हुबेहूब नसतो, आणि दाढेची बाजू ढासळली असल्यास तें फार टिकत नाहीं. मात्र माथ्यावरच्या लहान खड्ड्याला उत्तम.

१९८० नंतरच्या दशकांत टांझानियामध्यें, वीज नसलेल्या खेड्यांसाठीं, केवळ हातांतील हत्यारांनीं मऊ कीड खरवडून दांत भरण्याची रीत सुरू झाली. पुढें त्यासाठीं हेंच सिमेंट वापरांत आलें. ना घरघरणारें यंत्र, ना बहुधा सुई! २०२१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें हें सिमेंट अत्यावश्यक औषधांच्या यादींत घातलें.

आपल्या देशांत तीनशेंवर दंतमहाविद्यालयें आहेत, पण दंतवैद्यांचा भरणा शहरांतच. मुंबईचें नायर दंतमहाविद्यालय १९३३ पासून चालूं आहे. मुंबई, नागपूर व छत्रपति संभाजीनगर येथें सरकारी महाविद्यालयें आहेत. तेथें खर्च माफक. तथापि खेड्यांतल्या मजुराला तिथवर जाण्यांत दिवसाची मजुरी बुडते, म्हणून तो दाढ उपटून मोकळा होतो. अशा हत्यारांची एक पेटी शाळेच्या ओसरीवरही उघडतां येते. आपल्या घरीं भांडीं घासणाऱ्या बाईंचें मूल गाल धरून बसलें असेल, तर गोळी देऊन वाटेला लावूं नये. याच आठवड्यांत त्याला दाखवून आणावें. सिमेंट भरल्यावर तासभर मात्र त्याला कांहीं खाऊं देऊं नये.