पुस्तकाचा पत्ता

ज्या घरात दहाच पुस्तके आहेत, तेथे हवे ते पुस्तक शोधावे लागत नाही. सार्वजनिक ग्रंथालयाची गोष्ट निराळी असते. समजा, एखाद्या ग्रंथालयात ५०,००० पुस्तके आहेत. एकेक पुस्तक उचलून त्याचे नाव वाचण्यास केवळ अर्धा मिनिट लागला, तरी सगळी पुस्तके पाहण्यात ४०० तासांहून अधिक वेळ जाईल. असे असूनही कुशल ग्रंथपाल मागितलेले पुस्तक काही मिनिटांतच वाचकाच्या हाती देतो. हा काही स्मरणशक्तीचा चमत्कार नव्हे. गावातील घराला जसा पत्ता असतो, तसाच ग्रंथालयातील प्रत्येक पुस्तकालाही असतो. तो ज्याला वाचता येतो, त्याला ते पुस्तक सापडते.

हा पत्ता ठरविण्याच्या पद्धती अनेक आहेत. लहान ग्रंथालयांतून कादंबरी, चरित्र, नाटक, बालवाङ्‌मय असे विभाग पाडून पुस्तकांना अनुक्रमांक देतात. पुष्कळ मोठ्या ग्रंथालयांत मेल्व्हिल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली प्रसिद्ध केलेली दशांश पद्धत वापरतात. या पद्धतीत सर्व ज्ञानाचे दहा वर्ग कल्पिलेले आहेत. ५०० ते ५९९ हे अंक विज्ञानाचे; त्यांतील ५९० पासूनचे प्राण्यांचे; आणि त्यांतही ५९८ हा पक्ष्यांचा. मराठी वाङ्‌मयाचा अंक ८९१.४६ असा आहे. पुस्तकाच्या कण्यावर चिकटविलेल्या चिठ्ठीवर हा वर्गांक लिहिलेला असतो आणि त्या क्रमानेच पुस्तके फळीवर उभी असतात.

येथे नवख्या वाचकाची एक फसगत होते. ५९८.१५ आणि ५९८.२ या दोन पुस्तकांपैकी आधी कोणते असेल? पंधरा ही संख्या दोनपेक्षा मोठी, म्हणून ५९८.२ आधी असेल, असे त्याला वाटते. पण हे अंक दशांश अपूर्णांकाचे आहेत. म्हणून ५९८.१५ हे पुस्तक आधी येते. गणिताच्या तासाला शिकलेला धडा असा ग्रंथालयातही उपयोगी पडतो.

एवढे जाणले तरी थेट फळीकडे धाव घेणे इष्ट नव्हे. एकाच विषयाची पुस्तके कधी कधी दूरदूरच्या फळ्यांवर असतात. पक्ष्यांचे शास्त्रीय वर्णन ५९८ मध्ये मिळेल; परंतु कोंबड्या कशा पाळाव्या हे सांगणारे पुस्तक ६३६.५ या अंकाखाली, शेती व पशुपालन यांच्या शेजारी ठेवलेले असते. म्हणून प्रथम तालिका पाहावी. पूर्वी ती लहान लाकडी खणांत ओळीने लावलेल्या पत्रांची असे. आता अनेक ठिकाणी ती संगणकावर असते. पुस्तकाचे नाव, लेखक किंवा विषय यांपैकी काहीही ठाऊक असले, तरी तिच्यावरून पुस्तकाचा अंक कळतो. लेखकाचे आडनाव तिच्यात आधी लिहितात. ‘श्यामची आई’ या पुस्तकाचे लेखक साने गुरुजी हे तालिकेत ‘साने, पांडुरंग सदाशिव’ असे आढळतात. टोपणनावाखाली शोध घेणाऱ्यासाठी ‘कुसुमाग्रज : पाहा शिरवाडकर, विष्णु वामन’ अशी वाट दाखविणारी नोंदही करतात. तरीही पुस्तक न सापडल्यास ग्रंथपालास विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. वाचकाला साहाय्य करणे हे ग्रंथपालाचे कामच आहे.

पुस्तक सापडले, म्हणजे ते योग्य आहे असे मात्र नव्हे. सुंदर वेष्टन पाहून केलेली निवड पुष्कळदा फसते. आधी अनुक्रमणिका पाहावी, म्हणजे पुस्तकात काय आहे ते कळते. प्रस्तावनेवरून ते कोणासाठी लिहिले आहे हे समजते. मग मधलेच एखादे पान वाचावे. ओळीओळीला अडखळावे लागत असेल, तर ते पुस्तक पुढे कधी तरी वाचण्यासाठी मनात नोंदवून ठेवावे. विज्ञानाच्या पुस्तकाचे प्रकाशनवर्षही अवश्य पाहावे. २००६ पूर्वीच्या खगोलशास्त्राच्या पुस्तकांत सूर्याचे नऊ ग्रह सांगितलेले आढळतात. त्या वर्षी शास्त्रज्ञांनी प्लूटोची गणना बटुग्रहांत केली आणि ग्रह आठ राहिले. जुने पुस्तक टाकाऊ ठरते असे नाही. पण ते केव्हाचे आहे, याची जाण वाचकाला हवी.

निवडलेले पुस्तक घरी न्यावयाचे, तर ग्रंथालयाचे सभासद व्हावे लागते. बहुधा थोडी अनामत रक्कम आणि ठरावीक वर्गणी भरावी लागते. देवघेवीच्या मेजावर पुस्तकाची नोंद होते व परत करण्याची तारीख सांगितली जाते. शब्दकोश, ज्ञानकोश, नकाशे असे संदर्भग्रंथ मात्र सहसा घरी देत नाहीत. त्यांची गरज अनेकांना घटकाभर लागते, म्हणून ते तेथेच बसून पाहावयाचे असतात.

पुस्तक असे घरी नेता येते, यात आज कोणाला नवल वाटत नाही. एके काळी युरोपातील ग्रंथालयांत पुस्तके लोखंडी साखळीने फळीला जखडून ठेवीत. इंग्लंडमध्ये हिअरफर्ड येथील कॅथीड्रलमध्ये अशी साखळदंडातील पुस्तके अजूनही पाहावयास मिळतात. हाताने लिहिलेला एक ग्रंथ तयार होण्यास फार श्रम व वेळ लागे. म्हणून तो जपणे हेच मोठे कर्तव्य समजले जाई. पुढे छापखाने आले, पुस्तके वाढली आणि विचारही पालटला. मद्रासमध्ये गणित शिकविणारे शि. रा. रंगनाथन १९२४ साली तेथील विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, हे त्यांतील पहिले सूत्र; प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, हे दुसरे; आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, हे तिसरे. वाचकाचा वेळ वाचवावा आणि ग्रंथालय ही वाढणारी संस्था आहे, ही उरलेली दोन सूत्रे होत.

साखळी निघाली, पण तिच्या जागी काय आले? तिची जागा विश्वासाने घेतली. ज्याची ओळखही नाही असा वाचक पुस्तक जपेल आणि वेळेवर आणून देईल, या भरवशावर ग्रंथालय चालते. पान दुमडणे, समासात रेघा ओढणे, चित्र कापून घेणे यांनी त्या भरवशाला तडा जातो. तारीख उलटून गेल्यावर घरी पडून राहिलेले पुस्तक कोणाच्याही वाचनात येत नाही. त्याच पुस्तकासाठी दुसरा विद्यार्थी मात्र रोज ग्रंथालयात येऊन रिकाम्या हाताने परत जात असतो. फळीवरून काढलेले पुस्तक भलत्याच ठिकाणी ठेवले, तरी हानी तेवढीच होते. तालिका म्हणते की पुस्तक आहे, फळी म्हणते की नाही. वाळवीने खाल्लेले पुस्तक निदान यादीतून कमी करतात. चुकीच्या जागी गेलेले पुस्तक सुस्थितीत असूनही कोणाच्या उपयोगी पडत नाही. म्हणून पाहून झालेले पुस्तक मेजावर ठेवावे, अशी सूचना अनेक ग्रंथालयांत लिहिलेली असते.

ग्रंथालयातील पुस्तक सर्वांचे असते; म्हणजे आजच्या वाचकानंतर येणाऱ्या वाचकाचेही ते असते. त्याला ते त्याच्या पत्त्यावर मिळावे, एवढी काळजी प्रत्येकाने घेतली, तर कोणाच्याही पुस्तकाला साखळीची गरज उरणार नाही.