कर्कश ध्वनीची चिकित्सा : जुन्नर-आंबेगाव परिसरातील घरगुती श्रवणाच्या अनुरोधाने

'कर्कश' हा शब्द मुळात स्पर्शाचा आहे. संस्कृतात त्याचा पहिला अर्थ खरखरीत, कठीण असा असून तो पुढे ध्वनीकडे वळला. मराठीत बोचरा, तिखट, धारदार ही ध्वनीची विशेषणेही त्वचेच्या आणि जिभेच्या अनुभवातून आलेली आहेत. कानाला होणारा त्रास सांगावयास भाषेने अन्य इंद्रियांची मदत घेतली, यावरून तो त्रास किती शारीरिक असतो हे ध्यानात यावे. घरातील ध्वनियंत्रावर लावलेले गाणे अर्ध्या तासात बंद करावेसे वाटते, तेव्हा पुष्कळदा दोष गाण्याचा नसतो, यंत्राचाही नसतो. तो कोठे आहे हे क्रमाने शोधावे लागते.

जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांच्या संदर्भात या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. नारायणगाव हे तमाशाचे माहेरघर. चैत्रातील जत्रांच्या सुपाऱ्या ठरविण्यासाठी गावोगावचे पुढारी तेथील राहुट्यांत येतात. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्यासारख्या कलावतींनी या गावाचे नाव महाराष्ट्रभर नेले. तमाशाची गायकी उघड्या माळावर, ढोलकी, हलगी, तुणतुणे व झांज यांच्या गजरातून शेवटच्या श्रोत्यापर्यंत पोहोचण्यासाठी घडली. तीच गायकी मंचरच्या किंवा घोडेगावच्या एखाद्या सिमेंटच्या खोलीत, सदोष जुळणीच्या यंत्रातून ऐकली की ती कर्कश वाटते, आणि ऐकणारा तो दोष गायिकेच्या गळ्यावर टाकतो. ही चूक केवळ तांत्रिक नव्हे. तीमुळे एका कलेविषयी अन्यायाचे मत बनते.

प्रथम कानाचा विचार करू. मनुष्याच्या कानाची बाह्य नलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असून तिचे एक टोक पडद्याने बंद असते. अशा नळीचा अनुनाद सुमारे ३४०० हर्ट्झच्या आसपास येतो. म्हणून २००० ते ५००० हर्ट्झ या टापूत कान सर्वांत तीक्ष्ण असतो. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समप्रबलतेच्या वक्रांतही हेच दिसते. जो आवाज दूरवर पोहोचावयाचा, त्यात या टापूतील अंश प्रबळ असणे सोयीचे. परंतु यंत्राने अथवा खोलीने याच टापूत थोडी भर घातली, तर गुणाचा दोष होतो.

भाषेच्या अंगानेही हा टापू महत्त्वाचा आहे. 'श'ची ऊर्जा सामान्यतः २५०० हर्ट्झच्या पुढे, तर 'स'ची ४००० हर्ट्झच्या पुढे एकवटते. मराठीत एकाच 'च' अक्षराने दोन ध्वनी लिहिले जातात : 'चार' मधील तालव्य व 'चाक' मधील दंत्य. 'जरा' म्हणजे वार्धक्य आणि 'जरा' म्हणजे थोडे, हा भेदही उच्चारातच आहे. म्हणून परीक्षेसाठी एखाद्या स्पष्ट उच्चाराच्या वक्त्याचे ध्वनिमुद्रण घ्यावे. 'चार' व 'चाक' यांतील फरक पुसट वाटला, तर उच्च कंपने कमी पडत आहेत; प्रत्येक 'स' शिटीसारखा उठून कानात शिरला, तर ती अधिक झाली आहेत.

श्रोत्याचे शब्द हेच निदानाचे पहिले साधन होय. 'घूं' असा अखंड आवाज असेल, तर तो बहुधा विजेच्या ५० हर्ट्झच्या पुरवठ्याचा किंवा त्याच्या दुपटीचा, म्हणजे १०० हर्ट्झचा असतो. त्याचे कारण भूजोडणीत अथवा वीजपुरवठ्याच्या भागात शोधावे. 'खरखर' ही सैल जोडणीची, मळलेल्या खुंटीची किंवा तबकडीवरील धुळीची असते. 'फरफर' स्पीकरचा पडदा फाटल्याची अथवा सुटल्याची खूण आहे. 'सिसकारा' झिजलेल्या सुईमुळे, फार दाबून लहान केलेल्या संगणकीय ध्वनिमुद्रणामुळे किंवा स्वरनियंत्रक खुंटी अधिक फिरविल्यामुळे येतो. 'घुमणे' मात्र बहुतेक वेळा खोलीचे असते.

यानंतर परीक्षा क्रमाने करावी. एका वेळी एकच बदल करावा व तो टिपून ठेवावा. पहिली पायरी ध्वनिमुद्रणाची. निरनिराळ्या काळांची तीन ध्वनिमुद्रणे लावावीत. त्रास एकाच ध्वनिमुद्रणात होत असेल, तर यंत्र निर्दोष समजावे. दुसरी पायरी हेडफोनची. त्याच ॲम्प्लिफायरला हेडफोन जोडून ऐकावे. कर्कशपणा नाहीसा झाला, तर शोध स्पीकर, त्यांच्या तारा व खोली यांपुरता उरतो. तसाच राहिला, तर त्याआधीच्या भागांकडे वळावे.

तिसरी पायरी आवाजाच्या पातळीची. हळू आवाजात गाणे गोड लागते आणि एका मर्यादेपुढे एकदम बोचते, असे असेल तर ॲम्प्लिफायरची कुवत संपत आहे. तेव्हा ध्वनिलहरीची शिखरे छाटली जातात आणि मूळ स्वरात नसलेल्या उच्च पटीच्या कंपनांची भर पडते. साध्या रचनेच्या यंत्रात विजेचा दाब उतरला की ही मर्यादा आणखी खाली येते. येथे उपाय एकच : आवाज कमी करणे, अथवा अधिक क्षमतेचे यंत्र घेणे.

चौथी पायरी तारांची. दोन स्पीकरपैकी एकाच्या धन व ऋण तारा उलट जोडल्या गेल्या, तर दोघांचे खर्जातील स्वर परस्परांना मारतात. गाणे पातळ होते, गायिकेचा आवाज मधोमध न येता दिशाहीन वाटतो आणि खर्जाचा आधार गेल्यामुळे वरचे स्वर टोचतात. यंत्र बंद करून एकाच स्पीकरच्या तारा अदलून पाहाव्यात. तसेच उच्च स्वर सरळ रेषेत अधिक जातात. म्हणून स्पीकर कानाच्या रोखापासून किंचित वळविल्यानेही आराम पडतो.

पाचवी पायरी खोलीची, आणि पुष्कळदा हीच निर्णायक ठरते. मातीच्या भिंती, लाकडी माळवद व सारवलेली जमीन यांच्या जागी सिमेंट, फरशी व काच आली. ४ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद व ३ मीटर उंच अशी रिकामी खोली घ्या. तिचे घनफळ ४२ घनमीटर व सर्व पृष्ठांचे क्षेत्रफळ ७३ चौरस मीटर होते. गुळगुळीत सिमेंट पडणाऱ्या ध्वनीचा सुमारे शतांश ३ भाग शोषते असे धरल्यास, सेबिनच्या सूत्राने (०.१६१ गुणिले घनफळ, भागिले एकूण शोषण) निनाद सुमारे ३ सेकंद टिकतो. त्यातील १० चौरस मीटर जागा निम्मा ध्वनी शोषणाऱ्या जाड वस्तूंनी झाकली, तर तोच काळ सुमारे १ सेकंदावर येतो. यासाठी महागडे साहित्य नको. जमिनीवर घोंगडी, भिंतीपासून थोडी सुटी टांगलेली गोधडी, कापडी पडदे व पुस्तकांचे कपाट यांनी हे काम बरेच साधते. पातळ चादर मात्र फारशी उपयोगी पडत नाही.

शेवटची पायरी कानाची. वयोमानाने उच्च कंपने ऐकू येण्याची शक्ती घटते. तरी मोठा आवाज सहन होतोच असे नाही. वृद्धांना आवाज आधी अपुरा व थोडा वाढविताच असह्य वाटतो, तो याच कारणाने. घरातील इतरांना जे गोड लागते ते एकालाच बोचत असेल, तर यंत्र न उघडता कानाच्या वैद्याकडे जावे. दीर्घकाळ ८५ डेसिबलच्या पुढील आवाजात राहणे निरोगी कानासही घातक होय.

खोडद येथील महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आकाशातील क्षीण संकेत टिपतात. तेथेही नुसता संकेत वाढवून भागत नाही. त्याबरोबर गोंगाटही वाढतो, म्हणून गोंगाटाचा उगम शोधून तो दूर करावा लागतो. घरातील श्रवणासही हाच न्याय लागू आहे. हा शोध पूर्ण केल्याशिवाय गायिकेच्या गळ्यास कर्कश म्हणण्याचा अधिकार श्रोत्यास पोहोचत नाही.