पडेल तीच पिकली

बसा असे जवळ, कंदिलाची वात जरा वर करा, आणि ही चिरबोटी हातात घेऊन बघा. भोर-वेल्ह्याकडं भाताची खाचरं पिवळी पडली की बांधाच्या गवतात ही सापडते, आणि कापणीला आलेली बाई विळा बाजूला ठेवून आधी चार चिरबोट्या ओटीत टाकते, मग पेंढ्यांचं बघते.

हे वरचं कागदी टरफल आहे ना, त्याची मोठी गंमत आहे. वांग्याच्या देठाशी जी हिरवी टोपी असते, तीच ही. वांगं, मिरची, टोमॅटो, बटाटा ही सगळी चिरबोटीची भावकीच. पण वांग्याची टोपी देठाशीच चिकटून राहते, आणि हिची मात्र फूल गळल्यावर वाढायला लागते, फुगते, आणि इवल्या फळाला चहूबाजूंनी कोंडून टाकते. हिरवी असेतो ती पानासारखं अन्नही तयार करते, म्हणजे पोराला राखायचं आणि वर भरवायचंही! आणि हा उद्योग आजकालचा नव्हे बरं का. दक्षिण अमेरिकेत पॅटागोनियात असल्याच टरफलाचे दगडात उमटलेले ठसे मिळाले, 2017 साली ते जगापुढं आले, त्यांचं वय 5 कोटी 20 लाख वर्षं!

लावायची म्हणाल, तर पूर्ण पिकलेली फळं वाटीभर पाण्यात कुस्करून रात्रभर ठेवा. गर वर येतो, बी तळाला बसतं. ते धुवून सावलीत वाळवा. मोहरीपेक्षाही बारीक बी ते, खोल पुरलं तर वर यायचंच नाही. म्हणून वाफ्यावर भुरभुरवायचं आणि वरून मातीचा नुसता हात फिरवायचा. रोपं वीतभर झाली की बांधाच्या उंचवट्यावर लावा, कारण भाताला चालतं तसं साचलेलं पाणी हिला सोसत नाही. पेरू देशाच्या डोंगरातून आलेली बाजारातली रसभरीही हिचीच बहीण, तिचीही रीत हीच.

तोडायची मात्र घाई नको. हिरवी चिरबोटी कडू, विषारी, पोट बिघडवणारी. टरफल वाळून पिवळं पडलं की फळ आपणहून खाली येतं. तुम्ही फक्त वाकायचं. टरफलासकट कोरड्या जागी ठेवलं तर आठवडेच्या आठवडे टिकतं, अर्थात घरात नातवंडं नसतील तर!