आलेल्या मालाची नोंद

लग्नसोहळ्याचे चित्रीकरण, आजोबांच्या पंच्याहत्तरीचा समारंभ, दिवाळीला दुकानात आलेल्या नव्या मालाची जाहिरात. चित्रफितींचा असा साठा आज घरोघरी आहे. त्यांची काटछाट करून, क्रम लावून, संगीत जोडून पाहण्याजोगी फीत तयार करावी, असे घरातील तरुणांना वाटते. त्यासाठी लागणारी आज्ञावली मिळविताना मात्र अनेकदा भलताच मार्ग धरला जातो. कोणी ओळखीचा पेन ड्राइव्हवरून महागड्या आज्ञावलीची कुलूप तोडलेली प्रत आणून देतो आणि ती नेमकी त्याच संगणकावर बसविली जाते, ज्यावर पेढीची खाती, जीएसटीची विवरणपत्रे आणि बँकेचे व्यवहार असतात. एरवी बिनपावतीचा माल उंबरठ्याच्या आत न घेणाऱ्या घरात हा माल मात्र विनाचौकशी शिरतो. कुलूप तोडणाऱ्याने आत आणखी काय ठेवले आहे, हे कोणीच पाहिलेले नसते.

याला सरळ आणि बिनखर्चाचा पर्याय आहे. केडेनलाइव्ह ही चित्रफीत-संकलनाची मुक्तस्रोत आज्ञावली 2002 मध्ये जेसन वुड यांनी सुरू केली. आज ती केडीई या स्वयंसेवी समुदायाच्या छत्राखाली वाढत आहे. मुक्तस्रोत म्हणजे केवळ फुकट नव्हे. आज्ञावली ज्या मजकुरातून घडते तो सोर्स कोड सर्वांसमोर उघडा असतो. तो वाचण्याची, बदलण्याची आणि पुढे वाटण्याची मुभा परवान्यानेच दिलेली असते. पाककृतीसह मिळालेल्या मिठाईसारखा हा प्रकार आहे. तयार मिठाई घ्यावी किंवा पाककृती पाहून घरी करावी. दोन्ही वाटा मोकळ्या आहेत.

तयार मिठाईची वाट म्हणजे पॅकेज. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींत एपीटी नावाचे साधन भांडारपालाचे काम करते. केडेनलाइव्ह मागविले की ती एकटी येत नाही. संकलनाचे मूळ काम करणारी एमएलटी, नाना प्रकारच्या फिती वाचणारी एफएफएमपेग अशा तिच्या सहकारी आज्ञावल्याही भांडारपाल बरोबर आणतो. भांडाराच्या यादीवर डिजिटल स्वाक्षरी असते आणि आलेला माल त्या यादीशी ताडून पाहिला जातो. कोणती फाइल कोठे ठेवली, याची नोंद राहते. त्यामुळे पुढे आज्ञावली काढून टाकायची झाल्यास ती नीट निघते. उणीव एकच: डेबियनच्या स्थिर भांडारात आवृत्ती सहसा गोठविलेली असते, म्हणून नवी वैशिष्ट्ये उशिरा हाती येतात.

नवी आवृत्तीच हवी असेल, तर ॲपइमेज सोयीची. त्यात आज्ञावली आणि तिला लागणारे बहुतेक साहित्य एकाच फाइलमध्ये बांधलेले असते. फाइल उतरवून घ्यावी, तिला चालविण्याची परवानगी द्यावी आणि उघडावी; नको झाली की फाइल पुसून टाकावी. विंडोज वापरणाऱ्यांसाठी प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावर इन्स्टॉलर उपलब्ध आहे.

फाइलसोबत एसएचए-256 हा पडताळणी-अंक दिलेला असेल, तर तो अवश्य जुळवावा. हा 64 चिन्हांचा ठसा असतो. फाइलमध्ये एक अक्षर जरी बदलले, तरी ठसा पार वेगळा येतो. विंडोजमधील सर्टयूटिल आणि लिनक्सवरील एसएचए256सम ही साधने तो काढून देतात. काट्यावर वजन पाहून घेण्याइतकेच हे साधे काम आहे.

पाककृतीची वाट कष्टाची. गिट या साधनाने सोर्स कोड आणायचा, सीमेक सर्व सामग्री हजर आहे की नाही हे तपासते, मग कंपायलर त्या मजकुराचे चालणाऱ्या आज्ञावलीत रूपांतर करतो. बहुतेकांची गाडी अडते ती सामग्रीपाशी. नव्या केडेनलाइव्हला नवी एमएलटी लागते आणि प्रणालीत जुनी असते. मग आधी तीच घडवावी लागते. त्याहून मोठी अडचण पुढे येते. अशी हाताने बसविलेली आज्ञावली भांडारपालाच्या वहीत नसते. नोंदीशिवाय गोदामात आलेला हा माल पुढे कोणता खण कशाने भरला आहे, हेच कळू देत नाही. म्हणून असे प्रयोग वेगळ्या फोल्डरमध्ये करावेत आणि पेढीच्या संगणकापासून दूर ठेवावेत.

मग सामान्य कुटुंबाला सोर्स कोडचा उपयोग काय? ब्लेंडरची हकीकत याचे उत्तर देते. त्रिमितीय चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या या आज्ञावलीत चित्रफीत-संकलनाचीही सोय आहे. 2002 मध्ये तिची नेदरलँड्समधील कंपनी बंद पडली. निर्माते टॉन रूसेनदाल यांनी गुंतवणूकदारांशी बोलून सोर्स कोडची किंमत ठरविली: 1 लाख युरो. वापरकर्त्यांनी ही रक्कम सात आठवड्यांत उभी केली आणि 13 ऑक्टोबर 2002 रोजी सोर्स कोड सर्वांसाठी खुला झाला. कंपनी बुडाली, आज्ञावली मात्र आजही जिवंत आहे.

घरच्या फितींनाही हाच न्याय लागू पडतो. केडेनलाइव्हमधील संकलनाची फाइल हा साधा वाचता येणारा मजकूर असतो. नातवंडांना वीस वर्षांनी आजच्या लग्नाची फीत नव्याने जुळवावीशी वाटली, तर मूळ चित्रीकरण आणि ही फाइल जपलेली असल्यास तिचे कुलूप कोणा एका कंपनीच्या हाती नसेल.

तेव्हा नित्याच्या कामासाठी पॅकेज घ्यावे. उत्सुक मुलामुलींनी जुन्या संगणकावर सोर्स कोडपासून आज्ञावली घडवून पाहावी. त्यातून मिळणारे शिक्षण कोणत्याही शिकवणीपेक्षा कमी नाही. वाट कोणतीही असो, माल कोठून आला, कोणी तपासला आणि कोठे ठेवला, या तीन प्रश्नांची उत्तरे पेढीच्या वहीत असतात, तशीच ती संगणकाबाबतही हाताशी असावीत.